तेवीस वल्ह्यांचं जहाज

सही आणायला गेले होते, सही मिळाली नाही. परतल्यावर गटातल्या प्रत्येकाने पहिलं तेच विचारलं, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकते. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. पण माझ्या पुण्यातल्या निम्म्या मित्रांना हिंगोली जिल्हा नकाशावर दाखवता येत नाही, आणि तिथे मी जे पाहिलं त्याचा दुसरा कुठलाही पुरावा शिल्लक नाही. तो नसण्याला मीच जबाबदार आहे, ते पुढे येईलच. म्हणून लिहिते.

आमच्या गटाचं पत्रक मी लिहिलेलं. मथळा होता, ‘मालकांची पुस्तकं मालकांना परत करा’. मागणी सरळ होती. विद्यापीठात इंग्रजीच्या वर्गात तीन-चारशे वर्षांपूर्वीची जी नाटकं शिकवतात, ज्यांत काळा माणूस एकतर राक्षस असतो नाहीतर गोऱ्यांच्या टाळ्यांसाठी मरणारा शूर, ती अभ्यासक्रमातून काढा. ज्या शहराच्या बंदरातून गुलामांची जहाजं सुटायची, त्या शहरात एखादा गोरा नट तेलात कालवलेली काजळी तोंडाला फासून शौर्य करायचा, आणि ते शौर्य आमच्या पोरांनी पाच मार्कांसाठी पाठ करायचं? हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो.

या पत्रकावर एक सही हवी होती. वैशाली मॅडम सेनगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर राहतात, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात आणि त्यांचा प्रबंध याच विषयावर आहे: जुन्या इंग्रजी नाटकांतला गुलाम नायक. त्यांचा एक लेख मी वाचला होता. ज्या समाजाला सरकारने एकेकाळी कागदावर गुन्हेगार म्हणून नोंदवलं, त्या समाजातली बाई, आणि विषय हा. आम्हाला यापेक्षा चांगली सही कुठे मिळणार होती? फोन केला तर म्हणाल्या, “या. पण आमचं हळदीचं काम चालू हाय, जेवण साधं मिळल.”

शुक्रवार, कनेरगाव नाका

वाशीमहून निघालेली एसटी कनेरगाव नाक्यावर थांबली आणि उतरताच एक वास आला. ओलसर, मातकट, किंचित औषधी. मला वाटलं कुठे काहीतरी उतू गेलंय. धाब्यावरच्या माणसाला विचारलं.

“हळद शिजून राहिली ना ताई.”

“कुठे?”

“कुठं म्हंजे? सगळीकडं.”

खरंच सगळीकडे. उन्हाळा लागता लागता इथे शेताशेतात मोठाले कुकर लागतात, वाफेचे ढग उठतात, आणि मग अंगण, छप्पर, रस्त्याची कड, जिथे म्हणून जागा असेल तिथे हळद वाळत पडते. आमच्या घरी हळद म्हणजे मसाल्याच्या डब्यातली एक वाटी. इथे नजर जाईल तिथवर जमीनच पिवळी होती.

धाबेवाल्याला सवयीने पत्रक दिलं. त्याने ते बोट फिरवत, दोन्ही बाजूंनी, मनापासून वाचलं. “बराबर हाय,” म्हणाला, “अन्याय तर झालाच.” मग कढईतली गरम भजी त्याच पत्रकावर काढून माझ्यापुढे ठेवली. “तुमचंच हाय, तुमाला चालल.” तेलाने मथळा आरपार दिसायला लागला. भजी उत्तम होती, हे सांगायला जिवावर येतं.

गोरेगावची जीप भरेपर्यंत सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली हे ड्रायव्हर ठरवतो. गोरेगावात मॅडम स्कूटी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. साखऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कापणी झालेल्या हरभऱ्याच्या रानातून, मागे बसून मी त्यांना आमची मोहीम सांगत होते. त्या “हं, हं” करत होत्या. वाऱ्यात त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे.

तांडा

दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत मॅडमच्या सासूबाई जमनाबाई बसलेल्या. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची काचोळी, आणि हळदीने मनगटापर्यंत पिवळे झालेले हात. मला खालपासून वरपर्यंत बघून सुनेला म्हणाल्या, “हीच का सहीवाली?”

ज्वारीची भाकरी, वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. जमनाबाई खूश झाल्या. जेवता जेवता मॅडमनी नाटक सांगितलं. प्रबंध अजून तपासणीत आहे, म्हणून नाटकाचं नाव लिहीत नाही. तसंही ते आज कोणी खेळत नाही. जुन्या छापील प्रतीच्या स्कॅनमध्ये मॅडमना ते सापडलं.

एक हबशी राजपुत्र. कपटाने पकडला जातो, विकला जातो, भूमध्य समुद्रातल्या एका जहाजावर वल्हं मारायला साखळीने बांधला जातो. बरोबर इतर गुलाम. त्या जहाजातून एक सरदार प्रवास करत असतो. तो या काळ्या माणसाचं बोलणं ऐकतो, त्याचं कपाळ बघतो आणि म्हणतो, हे रक्त साखळीचं नव्हे. पुढे चाचे येतात, राजपुत्र जहाज वाचवतो. सरदार त्याची साखळी तोडायला लावतो, कमरेला तलवार बांधतो. राजपुत्र मानसन्मानावर एक लांबलचक भाषण करतो, झुकून नमस्कार करतो आणि जहाजावरून उतरतो. तुताऱ्या. पडदा.

“आणि बाकीचे?” मी विचारलं.

मॅडमनी मोबाईलवर पात्रांची यादी उघडली. सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात: गुलाम, खलाशी, इतर. किती गुलाम तेसुद्धा नाही. नाटककाराने मोजलेच नव्हते.

“तेव्हा शौर्य रक्तात असतं असं मानायचे,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून काळ्या माणसाला नायक करायचं तर त्याला राजा करावाच लागायचा. यात दोनदा सांगितलंय की याचा चेहरा बाकीच्यांसारखा नाही. म्हणजे प्रेक्षकांनी रडायचं कशासाठी? माणूस गुलाम झाला म्हणून नाही. राजा गुलाम झाला म्हणून. आणि मजा बघा रेवती, त्याच काळात इंग्रज खलाशीही पकडले जायचे. उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत विकले जायचे, वल्ह्यावर बसायचे. त्यांना सोडवायला चर्चमध्ये वर्गणी गोळा व्हायची. साखळी काय असते ते त्यांना चांगलं माहीत होतं. तरी दुसऱ्यांना साखळ्या घालायला त्यांचीच जहाजं निघायची.”

माझं डोकं तापलं. “मग हे फेकूनच द्यायला पाहिजे ना! करा सही.”

“आपल्या मराठवाड्यातही एक हबशी बाजारात विकला गेला अन् पुढे वजीर झाला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्याने बांधलेले नहर आपण पाहुण्यांना दाखवतो. त्याच बाजारात त्याच्या शेजारी जो उभा होता, त्याचं काय झालं?”

मी पत्रक उलटलं. आमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला त्याच वजिराचं चित्र आहे. शेजारी कोणी नाही.

मग त्यांनी एक पत्र दाखवलं. प्रबंधाच्या परीक्षकांचं. चौथं प्रकरण वगळावं, असं त्यात होतं. कारणं दोन. साहित्यकृतीचा शेवट बदलण्याचा अधिकार निरक्षर श्रोत्यांना नाही, आणि असं काही घडल्याचा पुरावा नाही. दुरुस्त प्रत सोमवारपर्यंत पाठवायची. त्यानंतर नोंदणीची मुदत संपते, आठ वर्षांचं काम मातीत. मार्गदर्शक सरांनी फोनवर समजावलं होतं: प्रकरण काढ, पदवी घे, सीनियर कॉलेजची जागा मिळेल, मग काय लिहायचं ते लिही.

“आहे काय त्या प्रकरणात?”

“आमचा तांडा,” मॅडम म्हणाल्या. “भाकरी थापता थापता मी हे नाटक आमच्या बोलीत करत होते, मोठ्यानं. याडी ऐकायला लागली. मग शेजारणी. मागच्या वर्षी दर शनिवारी बसायचो. शेवटाला आलो अन् बायांनी तो मान्य केला नाही. त्यांनी काय केलं ते मी लिहिलं. उद्या काढून टाकणार आहे. पत्र टाईप करून ठेवलंय.”

इतकं सरळ बोलल्या की मला त्यांचाच राग आला. आठ वर्षं यावर घालवली आणि आता गुडघे टेकायचे? तसं मी बोललेसुद्धा. त्या ताटं गोळा करायला लागल्या. याडी म्हणजे आई; सासूबाईंना त्या तसंच म्हणतात. जमनाबाई कोपऱ्यातून बोलल्या.

“पुरावा पाहिजे म्हणते का तो? मग ये म्हणावं पाहायला.”

“तो न्हाई येत याडी.”

“काहून न्हाई? रस्ता हाय, जीप हाय. जाऊ दे. ही पोरगी पाहील. हिच्याजवळ मोबाईल हाय न्हं? उद्याच करू.”

अशी मी साक्षीदार झाले.

शनिवार, कडुलिंबाखाली

सकाळी तांड्याच्या नायकांना भेटले. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, सत्तरीचे, पांढरं धोतर, दाढीचे खुंट. त्यांना पत्रकातलं माझं आवडतं वाक्य वाचून दाखवलं: ‘तांड्यावरचा माणूस आणि आफ्रिकेतला गुलाम एकाच जखमेची दोन टोकं आहेत.’

“कोण म्हणलं?” नायक म्हणाले.

“मी लिहिलंय.”

“आमच्या पायात साखळी न्हवती बाई. सरकारनं कागदावर चोर लिहिलं, हजेरी द्यायला लावली, ते खरं. लई तकलीफ दिली. पण त्याच्या आधी आमी बैलांवर मीठ-धान्य वाहणारे लोक. फौजांचं धान्य वाहिलं. कोणाची फौज, कोणाला बांधून आणायला चालली, आमच्या आज्यानं इचारलं न्हाई. इचारलं असतं तर धंदा बसला असता. दुसऱ्याचं दुःख आपल्या नावावर चढवून घेऊ न्हाई.”

मी वाद घालणार होते. मग पत्रकाची घडी घातली. आमच्याकडे चर्चासत्रात कोणी स्वतःच्या आजोबांबद्दल असं बोलताना मी ऐकलेलं नाही.

चारच्या सुमाराला हळदीच्या कामावरून बाया आल्या. मंदिरापुढच्या कडुलिंबाखाली, एकाच दिशेला तोंड करून, दोन रांगांत बसल्या. हे जहाज. एका रांगेत बारा, दुसरीत अकरा.

“अगं अकराच? जहाज गोल फिरल की!” मागून कोणीतरी ओरडलं.

“म्हणून तर राजाला बसवायचं,” जमनाबाई म्हणाल्या आणि अकरा बायांच्या रांगेत शेवटच्या जागेवर जाऊन बसल्या. नाटकात राजपुत्र त्या होत्या. मागच्या वर्षीही त्याच होत्या म्हणे. आवाज त्यांचाच मोठा.

मॅडम ओट्यावर उभ्या राहून वाचू लागल्या. नायक माझ्याशेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत होते. मी मोबाईल धरून रेकॉर्डिंग चालू केलं. सुरुवातीला चेष्टाच चालली होती. गोरा नट काजळी फासून काळा व्हायचा हे आलं तशी एक म्हणाली, “घाम आला की राजा धुऊन जात असल!” दुसरी म्हणाली, “अन् त्या सरदाराच्या अंगाला लागत असल काळं, मिठी मारली की.” सगळं जहाज हसलं. मॅडमही हसल्या. मला मात्र हसू येईना. पत्रकात याच काजळीवर मी सात ओळी संतापले होते, आणि या बायांनी तिला दोन वाक्यांत पुसून टाकलं.

चाचे आले, गेले. साखळी तुटली. तलवार कमरेला लागली. मॅडमनी वाचलं, “राजपुत्र झुकून नमस्कार करतो आणि उतरतो.”

“थांब,” जमनाबाई उठल्या. “उतरतो कसा? भेटला का?”

नायक माझ्या कानाशी म्हणाले, “आमच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडती. गाऊन रडती. पूर्वी माणूस बैल घेऊन लांबच्या वाटेला निघाला तरी तसंच. कोणाला सोडायचं न्हाई, ज्याच्याशी भांडण त्यालाबी न्हाई. न भेटता निघाला त्याला आमी निघाला म्हणतच न्हाई. राजा सरदाराला भेटला. ज्यांच्यासंगं वल्हं ओढलं त्यांना भेटला न्हाई. मग तो उतरलाच कसा?”

जमनाबाई पहिल्या बाईजवळ गेल्या, दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले, आणि आवाज काढला.

मी मोर्च्यांत वाढलेली आहे. मोठे आवाज मला नवे नाहीत. पण हा आवाज पोटातून वर चढत गेला, टोकाला जाऊन थरथरला आणि शब्द घेऊन खाली उतरला. नायक सांगत होते ते मी आठवून लिहिते: माझ्या बाजूला बसून पाणी कापणाऱ्या भावा, तुझ्या घामाचा वास मला माहीत हाय, तुझं नाव मी इचारलं न्हाई रे. माझ्या पायातली कडी तुझ्या पायात वाजायची, तुझी आई कोण ते मी इचारलं न्हाई रे.

आणि ती बाई त्याच सुरात उत्तर द्यायला लागली. नाव सांगितलं: हरी. मीठ आणायला गेलो होतो. माझा बैल अजून खुंट्याला उभा हाय, वाटेकडं तोंड करून.

“हरी तिचा आजा,” नायक म्हणाले. “खरंच गेला व्हता. आला न्हाई.”

दुसरी. तिसरी. प्रत्येकीने आपल्या वल्हेकऱ्याला आपल्या घरातून गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं नाव दिलं. कोणाचा काका, कोणाची आत्या, कोणाचा मुंबईला गेलेला भाऊ. एकीने मध्येच सांगितलं की मला बोटीत उलट्या होतात, मला आधी उतरवा. रडता रडता सगळ्या फस्सकन हसल्या आणि पुन्हा सूर धरला. मी नायकांकडे पाहिलं. सकाळचं त्यांचं बोलणं माझ्या मनात होतं. त्यांना ते कळलं असावं.

“दुःख घेतलं न्हाई,” ते म्हणाले. “नाव दिलं. त्यांच्याजवळ न्हवतं म्हणून.”

तेवढ्यात जमनाबाई माझ्यापर्यंत आल्या. मी कुठल्याच रांगेत नव्हते. मी मागे सरकले तशा म्हणाल्या, “साक्षीलाबी भेटावं लागतं,” आणि मला आवळून धरलं. बांगड्या पाठीत रुतल्या. माझ्यासाठी त्या काय रडल्या ते नायकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे निघताना आम्ही दारातून “येते हं” म्हणतो, एका हाताने चप्पल चढवत. इतक्या जवळून मला कोणी कधी निरोप दिल्याचं आठवत नाही, आणि मी तर कुठे चाललेही नव्हते.

शेवटची तेविसावी होती सविता. तांड्यात वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, मांडीवर बाळ. मागच्या शनिवारांना ती नव्हती. जमनाबाईंनी तिच्या गळ्यात हात टाकले, सूर काढला, थांबल्या. सविता गप्प.

“सांग गं.”

“न्हाई सांगत.” ती गात नव्हती, साधं बोलत होती. “तू राजा. तुला सोडवायला सरदार आला. माझं नाव घेऊन तू काय करणार? तिकडं जाऊन सांगणार, माझ्यासंगं असा एक व्हता म्हणून. लोक रडतील अन् टाळ्या तुलाच देतील. मी इथंच.”

जमनाबाई तिच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. त्यांनी तिला समजावलं नाही, रागावल्या नाहीत. मॅडम ओट्यावर कागद छातीशी धरून उभ्या होत्या. सगळ्या बाया वाट बघत होत्या की आता राजा काय करतो, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

जमनाबाई उठल्या. कमरेची न दिसणारी तलवार सोडून खाली ठेवली, आणि चालत जाऊन रांगेत आपल्या जागी बसल्या. दोन्ही हात पुढे केले. पुढच्या बाईने हात पुढे केले. मग तिच्या पुढच्या. चोवीस जणी, बारा आणि बारा, एकदम मागे रेलल्या, एकदम पुढे वाकल्या. पिवळे हात वर आले, खाली गेले. कोणी गात नव्हतं. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्या कोरड्या रानात, समुद्रापासून कितीतरी दूर, मी शप्पथ घेऊन सांगते, जहाज सरळ चाललं होतं.

रविवार

सकाळी रेकॉर्डिंग बघायला घेतलं. पहिलं वाचन, काजळीचं हसणं, आणि मग बंद. मोबाईल भरलेला होता. आमच्या मोर्च्यांच्या फोटोंनी आणि माझ्या भाषणांनी. जागा संपल्याचा निरोप पडद्यावर आला असणार, मी तो पाहिलाच नाही.

मॅडमना सांगताना मला रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं. जमनाबाईंना म्हटलं, परत एकदा करू या का? त्या हळद परतत होत्या. “न्हाई. आता केलं तर नाटक व्हईल. अन् सविता उद्या नाव सांगलबी, तिचं काय सांगता येतं. पाय उचल, हळदीवर उभी हायेस.” मी चपलेसकट हळदीवर उभी होते. मुकाट्याने उतरले आणि दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर हळद परतत बसले.

मॅडम दिवसभर आत टाईप करत होत्या. दाराशी जाऊन विचारलं, “काढताय?”

“मागच्या वर्षी सगळ्यांना भेटून राजा उतरला होता,” त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “मी लिहिलं होतं की तांड्यानं राजपुत्राला निरोप घ्यायला शिकवलं. छान वाटत होतं मला ते वाक्य. काल सवितानं ते खोटं पाडलं. आता काढू कसं? उलट दहा पानं वाढलीत.”

“पुरावा नाही पण. माझ्यामुळे.”

“तुम्ही लिहा ना. जे पाहिलं ते. पत्रकासारखं नका लिहू.”

हे मला लागलं. अजूनही लागतं.

सोमवार, गोरेगाव

मॅडमच्या घरी नेट येत नाही, म्हणून गोरेगावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी थांबलेल्यांच्या रांगेमागे अर्धा तास उभ्या राहिलो. मॅडम कितीदा तरी पेन ड्राईव्ह एका हातातून दुसऱ्या हातात घेत होत्या. सोमवार मावळला की आठ वर्षं गेली, आणि पाठवलं तरी जाऊ शकतात, हे दोघींनाही माहीत होतं. सहीचा विषय मी काढला नाही. नाटक शिकवण्याची आपल्याकडची पद्धत लाजिरवाणी आहे, हे मी अजून म्हणते. त्या नाटकाचा मला अजून राग येतो. पण ते जर कोणी फेकून दिलं असतं, तर शनिवारी त्या बाया कोणत्या जहाजावर चढल्या असत्या?

विद्यापीठाचं उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही. दुसरा परीक्षक नेमावा असा विनंतीअर्ज सोबत जोडला आहे. त्याला मार्गदर्शकाची संमती लागते, आणि फाईल चढत असतानाच सरांचा फोन आला. मॅडमचे हात कळफलकावर होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“वैशाली, काढलं ना ते प्रकरण?”

“न्हाई सर. काढायची परवानगी माझ्याजवळ नाही.”

“म्हणजे? तुझाच प्रबंध आहे.”

“तेवीस जणांची परवानगी लागेल सर.”

“कोण तेवीस?”

“जहाजावरचे. वल्हेकरी.”

सर चिडले. आवाजावरून माणूस वाईट वाटत नव्हता, थकलेला वाटत होता. “अगं, नाटकात त्यांना नावंसुद्धा नाहीत.”

“आमच्याकडे हायेत सर,” मॅडम म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. “हरी, मिठाच्या वाटेला गेलेला. लालू, त्याचा धाकटा भाऊ. सोनी, विहिरीच्या कामाला गेलेली. थावरा…” दुकानात कोणीतरी झेरॉक्सचे पैसे विचारत होतं. मॅडम थांबल्या नाहीत. नाव, एक ओळ, पुढचं नाव. मी मोजत होते. सहाव्या नावाला सर “वैशाली, ऐक” म्हणाले. नवव्याला काही म्हणाले नाहीत. बाराव्याला मला वाटलं फोन कट झाला, पण पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. रांगेतली माणसं आमच्याकडे वळून बघत होती.

सतराव्या नावाला सर म्हणाले, “थांब. पेन घेतो. पहिल्यापासून सांग.”

मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं, हळूहळू, लिहून घ्यायला वेळ देत. बावीस झाली.

“तेविसावं?” सरांनी विचारलं.

“त्यानं सांगितलं नाही सर,” मॅडम म्हणाल्या. “तसंच लिहा.”